आधी विमानाचं पोट बघा

१/७२ मापाचं डायकास्ट, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून ओतलेलं, स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं मॉडेल खोक्यातून बाहेर निघालं की बहुतेकजण ते तळहातावर घेऊन आधी वजनाचा अंदाज घेतात. जड लागलं की समाधान. पण वजनावरून काहीच ठरत नाही. जस्ताचा मिश्रधातू साध्या प्लास्टिकच्या सहापट जड असतो, त्यामुळे आकार कसाही ओबडधोबड ओतला तरी हाताला भारीच लागणार. त्यापेक्षा विमान उलटं करा आणि खिडकीच्या उजेडात पोट बघा. पंखांची खालची बाजू, चाकांचे खळगे, शेपटीचा सांधा, स्टँडची खाच. बनवताना जिथे हात आखडता घेतला जातो त्या जागा खालीच असतात, आणि पुढच्या दहा वर्षांत जे काही बिघडणार असतं त्याची सुरुवातही तिथूनच होते.

नाशिकमध्ये हे समजावून सांगायला फार त्रास पडू नये. अंबड नाहीतर सातपूरच्या एमआयडीसीत प्रेशर डायकास्टिंगच्या मशीनवर ज्यांनी पाळी केली आहे, त्यांना मॉडेलचं पोट वर्तमानपत्रासारखं वाचता येईल. धातू तोच, झॅमॅक: जस्त, त्यात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम, किंचित मॅग्नेशियम आणि प्रकारानुसार थोडं तांबं. हा ३८० ते ३९० अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून ॲल्युमिनियमपेक्षा डाय (साचा) जास्त टिकते आणि बारीक कोरीवकाम नीट उतरतं. विमानाचं धड बहुधा डाव्या-उजव्या दोन अर्ध्यांत ओततात आणि पंख पोटासकट एका तुकड्यात खालून बसवतात. त्यामुळे शिवण दोन जागी हमखास सापडते: पाठीच्या कण्यावर, आणि पंख धडाला मिळतो तिथे. पाठीवरची शिवण घासून, भरून, रंगाखाली दिसेनाशी केली असेल तर काम मनापासून झालंय. पंखाच्या मुळाशी केसाएवढी फट चालेल. नख अडकेल एवढी फट असेल, किंवा डावीकडे फट आणि उजवीकडे नाही असं असेल, तर पंख तिरका बसलाय. सपाट काचेवर विमान स्टँडशिवाय ठेवून दोन्ही पंखांच्या टोकांची काचेपासूनची उंची मोजा. अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे फरक असेल तर ते रंगाचं नाही, जोडणीचं दुखणं आहे. मॉडेल परत करायचं असेल तर त्याच दिवशी, कारण एकदा चाकं आणि अँटेना लावली की परतीचा विषय अवघड होतो.

चाकांच्या खळग्यात डोकावून बघा. गोल चकत्यांसारखे ठसे दिसले तर ते ओतलेला तुकडा डायबाहेर ढकलणाऱ्या एजेक्टर पिनचे, त्यात गैर काही नाही. कडेला कागदासारखी पातळ झालर राहिली असेल तर तो फ्लॅश. दिसायला क्षुल्लक, पण पाय बसवताना तो खाचेत अडकतो, आपण जोर लावतो आणि पायच मोडतो. असा फ्लॅश सुईसारख्या बारीक कानसीनं दोन-तीन फटक्यांत निघतो. ब्लेडनं काढायला जाऊ नका, जस्ताचा तुकडा अनपेक्षित ठिकाणी तुटतो.

आता फोड. रंगाखाली टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा दिसला की लोक घाबरतात, आणि ते साहजिकही आहे. पण फोड दोन प्रकारचे असतात. ओतताना आत हवा अडकली की पोकळी राहते आणि रंग भट्टीत तापवताना तिथला पातळ पापुद्रा वर उचलला जातो. कारखान्यात याला ब्लो होल म्हणतात. हा फोड एकटा, गोल आणि कायम तेवढाच राहतो. दुसरा प्रकार खरा घातक, झिंक पेस्ट. मिश्रधातूत शिसं, कथील किंवा कॅडमियम गरजेपेक्षा जास्त गेलं की धातूच्या कणांच्या सीमांवर आतल्या आत गंज चढतो. शिशाची मर्यादा ०.००५ टक्के एवढी कडक आहे. म्हणजे २० किलो वितळलेल्या धातूत १ ग्रॅम. शिसं लागलेला भंगाराचा एखादा तुकडा भट्टीत पडला तरी ती ओलांडली जाते. खूण अशी: आधी रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा, मग पंख हळूहळू वाकतो, सांधा उघडतो, धातू फुगतो, आणि शेवटी बोटानं भुगा होतो. दमट हवा आणि उष्णता हे काम वेगानं करतात. यावर उपाय नाही. डिंक भरून, रंग देऊन काही थांबत नाही, कारण मूळ दोष आतच बसलेला आहे. एक दिलासा मात्र खरा आहे: नावात 'पेस्ट' (इंग्रजीत कीड) असलं तरी हा रोग शेजारच्या मॉडेलला लागत नाही.

युद्धपूर्व आणि युद्धकाळातली खेळणी घेणाऱ्यांनी इथे जास्त जपावं. १९४० साली डिंकी या खेळण्यांच्या ब्रँडनं स्पिटफायर फंडाला, म्हणजे लढाऊ विमानं बांधण्यासाठीच्या वर्गणीला, मदत म्हणून कडी लावलेलं छोटं स्पिटफायर विकलं होतं. अशा जुन्या वस्तूंची ओढ वाटणं स्वाभाविक आहे, पण त्या काळच्या ओतीव विमानांत हा दोष सर्रास आढळतो. विकणाऱ्याकडून फोटो मागताना टॉर्च बाजूनं तिरका धरून काढलेला मागा. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत जाळीसारख्या भेगा पार पुसल्या जातात.

धातू झाला, आता विमान बरोबर आहे का ते. इथेही पोटच बोलतं. व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे मिलिमीटरचेही भाग मोजणारी पट्टी, घ्या. स्पिटफायरच्या नेहमीच्या लंबवर्तुळाकार पंखाची टोकापासून टोकापर्यंतची खरी रुंदी ११.२३ मीटर, ७२ नं भागली की १५६ मिलिमीटर. टोकं छाटलेल्या पंखाचं १३६ च्या आसपास, आणि उंचावर उडण्यासाठी टोकं वाढवलेल्या पंखाचं १७०. त्याच काळातल्या हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाचा पंख १२.१९ मीटर, म्हणजे १६९ मिलिमीटर. शेजारी ठेवल्यावर हरिकेन मोठं दिसतं, ते बरोबरच आहे. मिलिमीटरभर इकडेतिकडे चालतं. रंगाचा थर आणि डायमधून बाहेर निघण्यासाठी ठेवलेला उतार एवढं खातोच.

स्पिटफायर उलटं धरलंत की दोन्ही पंखांखालचे रेडिएटर बघा. मार्क ५ पर्यंत (मार्क म्हणजे विमानाची आवृत्ती) ते वेगवेगळे होते: उजव्या पंखाखाली चौकोनी रेडिएटर, डाव्याखाली अरुंद गोलसर ऑइल कूलर. मार्क ८ आणि ९ पासून दोन्हीकडे सारखे मोठे चौकोनी. खोक्यावर मार्क ५ आणि पोटाखाली जोडी सारखी, असं असेल तर एकच डाय वापरून दोन विमानं विकली जात आहेत. मार्क ८ आणि ९ मध्ये फरक शोधायचा तर शेपटीकडे जा. ८ चं शेपटीचं चाक आत जाणारं होतं, त्यामुळे तिथे छोटी दारं हवीत. ९ चं चाक स्थिर. चाकांमधलं अंतरही मोजा. स्पिटफायरचे पाय धडाजवळून निघून बाहेरच्या बाजूला मिटतात, म्हणून ते अरुंद उभं राहतं, मॉडेलवर साधारण २४ मिलिमीटर. हरिकेनचे पाय आतल्या बाजूला मिटतात, अंतर ३२ मिलिमीटर. जमिनीवर हरिकेन ऐटीत पाय रोवून उभं दिसतं ते यामुळे.

प्रोपेलरचं पातं हा सगळ्यात जास्त दुर्लक्षित तपशील. मर्लिन इंजिनचा प्रोपेलर वैमानिकाच्या जागेवरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो, ग्रिफन इंजिनचा उलट. म्हणून मार्क १४ च्या पाच पात्यांचा पीळ मार्क ८ च्या चार पात्यांच्या विरुद्ध असायला हवा. पात्याची पुढची, जाड गोलसर कड कोणत्या बाजूला आहे ते बघितलं की दोन सेकंदांत उत्तर मिळतं. फिरणारा प्रोपेलर असेल तर टूथपिकनं हळू फिरवून डोलतो का ते पाहा. हेअर ड्रायरनं फिरवायचा मोह टाळा. त्या वेगाला प्लास्टिकचा बुश तापतो, भोक मोठं होतं आणि मग प्रोपेलर कायमचा लुळा पडतो.

पत्र्यांच्या रेघांबद्दल जरा मोकळेपणानं. मॉडेलवर ०.२ मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर १४ मिलिमीटरची चर. अशी चर घेऊन कुठलंही स्पिटफायर उडालेलं नाही. रेघ जितकी बारीक आणि उथळ, तितकं काम चांगलं. काळा रंग भरून ठसठशीत केलेल्या रेघा दुकानात लक्ष वेधतात, कपाटात मात्र फरशीच्या सांध्यांसारख्या दिसायला लागतात. हरिकेनच्या मागच्या धडावर तर पत्र्याच्या रेघा नकोच, तिथे कापड ताणलेलं होतं. लांबीभर जाणाऱ्या लाकडी पट्ट्यांचे हलके उभार हवेत, दोन उभारांमध्ये कापड किंचित खाली गेल्यासारखं.

रंगसंगती हा आपल्याकडच्या संग्राहकाचा खास जिव्हाळ्याचा भाग असायला हवा. युरोपातल्या लढाईची स्पिटफायर मुबलक मिळतात, पण आपल्या आकाशात लढलेली विमानं वेगळी दिसत. भारतीय हवाई दलाचं १ नंबर स्क्वाड्रन (तुकडी) फेब्रुवारी १९४४ मध्ये हरिकेन घेऊन इंफाळला उतरलं, अर्जन सिंग त्याचे प्रमुख होते. त्याच वर्षी जूनमध्ये लॉर्ड माउंटबॅटन यांच्या हस्ते त्यांना डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक मिळालं. भारतीय स्क्वाड्रनांमध्ये स्पिटफायर पहिल्यांदा १९४४ मध्ये ८ नंबरकडे आलं, मार्क ८. ही विमानं हवी असतील तर राउंडेलमध्ये, म्हणजे विमानावरच्या गोल ओळखचिन्हात, लाल ठिपका असता कामा नये. जपानी विमानांवरच्या लाल सूर्याशी घोळ होऊन आपल्याच लोकांवर गोळीबार होऊ नये म्हणून इथल्या विमानांवरचा लाल काढला गेला. आधी निळा-पांढरा, नंतर गडद निळ्यात फिकट निळा असा साउथ ईस्ट एशिया कमांडचा राउंडेल आला, तोही आकारानं लहान. वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खालून मध्यम सागरी राखाडी. युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे. अमेरिकी बनावटीचं थंडरबोल्ट विमान उघड्या धातूच्या रंगात असेल तर तेच पट्टे गडद निळे. 'बर्मा १९४४' असं खोक्यावर छापून लाल-पांढरा-निळा राउंडेल दिलेला असेल तर ते मॉडेल तेवढ्या एका कारणानं मागे ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे. आणखी एक: १९४५ च्या मार्चपर्यंत दलाचं नाव नुसतं इंडियन एअर फोर्स होतं, 'रॉयल' त्यानंतर लागलं. १९४४ च्या विमानाबरोबरच्या कार्डावर काय छापलंय तेही वाचा.

धूळ आणि वाळूच्या प्रदेशातल्या हरिकेनला आणि मार्क ५ ला नाकाखाली व्होक्स फिल्टरची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या भागाची, मोठी हनुवटी असते. विमान त्यानं बोजड दिसतं, तरी पूर्वेकडच्या हरिकेनवर ती नसेल तर चुकल्यासारखं वाटायला हवं. हरिकेन २सी असेल तर दोन्ही पंखांतून दोन-दोन, अशा २० मिलिमीटरच्या चार तोफा पुढे आलेल्या असतात. मॉडेलवर त्या प्लास्टिकच्या असतात आणि खोक्यातच वाकतात. मऊ प्लास्टिक असेल तर चहाच्या पेल्यात कढत पाणी घेऊन कापसाचा बोळा बुडवा, वाकलेल्या नळीला अर्धा मिनिट लावून धरा, बोटानं सरळ करा आणि तशीच धरून गार पाण्याचा बोळा लावा. प्लास्टिक कडक, टणत्कार करणारं असेल तर हे करू नका, तुटेल.

जोडणीला बसताना घाई नको. खोक्यात साधारणपणे चाकं खाली असलेले आणि मिटलेले असे दोन संच, वैमानिक, कधी दोन प्रोपेलर, अँटेना आणि स्टँड मिळतो. कापसाचे पांढरे हातमोजे घालायची पद्धत आहे, पण त्यांचे धागे अँटेनाला आणि पिटो नळीला (हवेचा वेग मोजणारी बारीक नळी) अडकतात आणि तुकडा तुटून येतो. नायट्रिलचे पातळ हातमोजे बरे. नाहीतर हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. घामातलं मीठ आणि तेल उघड्या जस्तावर ठसा सोडतं, आणि काही महिन्यांनी तिथे पांढरी भुकटी दिसते. पाय बसवताना पंख हातात धरायचे नाहीत. धड तळहातावर झोपवून, पायाची चौकोनी खुंटी खाचेसमोर सरळ आणून अंगठ्यानं दाबायची. जात नसेल तर डावा-उजवा उलट घेतला आहे का ते आधी बघा. दहातल्या आठ वेळा तेच निघतं. पोटात स्क्रू असेल तर तो कधीही करकचून आवळू नका, जस्ताच्या बारीक बॉसमधले, म्हणजे स्क्रू बसतो त्या खुंटीतले, आटे दोन फेऱ्यांत झिजतात.

चाकांवर उभं ठेवायचं की स्टँडवर? महिनाभराच्या मांडणीला चाकांवर छान दिसतं. वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर स्टँडवर, कारण धातूचं सगळं वजन दोन बारीक पायांवर येतं आणि हळूहळू पाय फाकतात. रबरी टायर असतील तर त्यातलं मऊ करणारं तेल रंगीत फळीत उतरून चिकट डाग पडतात, म्हणून खाली काच किंवा ओएचपी शीटचा तुकडा ठेवा. स्टँडचे दात पोटाला घासून रंग काढतात. त्यांना प्लंबरच्या टेफ्लॉन टेपचा एकच वेढा द्या, दोन दिले तर विमान बसत नाही.

आता नाशिकची हवा. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली, एप्रिल-मेमध्ये ४० च्या घरात, आणि मध्ये चार महिने पाऊस. तापमान वाढलं की प्लास्टिक जस्ताच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावतं. कॅनॉपी (वैमानिकावरचं पारदर्शक झाकण), अँटेना, चाकांची दारं हे सगळं प्लास्टिक धातूला डिंकानं चिकटवलेलं असतं. दर उन्हाळ्या-हिवाळ्यात तो सांधा थोडा ताणला जातो आणि एके दिवशी कॅनॉपी आपसूक सुटून येते. म्हणून पश्चिमेच्या भिंतीला लागून, खिडकीत किंवा गच्चीखालच्या पोटमाळ्यावर मॉडेल ठेवू नका. सुटलेली कॅनॉपी झटपट चिकटणाऱ्या सायनो डिंकानं लावली तर त्याच्या वाफेनं आतून दुधासारखा धुरकट थर बसतो आणि तो सहजासहजी निघत नाही. साधा पांढरा लाकडाचा डिंक टूथपिकच्या टोकावर घेऊन कडेला चार ठिपके पुरतात. वाळल्यावर पारदर्शक होतो आणि पुढे कधी काढायचा झाला तर कोमट पाण्यानं सुटतो. धातूचा पाय मोडला असेल तर मात्र दोन ट्यूबचं इपॉक्सी, समान भाग, चोवीस तास हलवायचं नाही. पाच मिनिटांत घट्ट होणारं घेऊ नका, ते ठिसूळ राहतं.

पावसाळ्यासाठी आधी एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक घ्या, आणि घेतल्याबरोबर तपासा. बाटलीच्या टोपणात चमचाभर मीठ, त्यावर ओलसर होईल इतकंच पाणी, पातळ व्हायला नको. हे टोपण आणि मापक झिपच्या पिशवीत बंद करून दहा-बारा तास ठेवा. मापकानं ७५ दाखवायला हवं. ७० दाखवत असेल तर वाचनात ५ मिळवायचे, बस. कपाटात ४० ते ५० टक्के हे लक्ष्य.

सिलिका जेलबद्दल बरेच गैरसमज आहेत. २० लिटरच्या डब्यातल्या पावसाळी हवेत पाणी असतं जेमतेम अर्धा ग्रॅम. ५० ग्रॅम कोरडं जेल त्याच्या कितीतरी पट शोषू शकतं. तरीही आठवड्यात जेलचा रंग बदलत असेल तर दोनच शक्यता. एक, झाकणाची रबरी पट्टी नीट बसत नाही. दुसरी, जी कोणाच्या लक्षात येत नाही: पुठ्ठ्याचं खोकं. पावसाळ्यात १०० ग्रॅमच्या पुठ्ठ्यात १० ग्रॅमच्या आसपास पाणी मुरलेलं असतं आणि ते तुम्ही स्वतःच्या हातानं डब्यात ठेवता. म्हणून खोकी मे महिन्यातच, कोरड्या हवेत दोन-तीन दिवस उघडी ठेवून मग बंद करायची. भांडी बाजारात मिळणारे रबरी पट्टीचे, चारी बाजूंनी चिमटे असलेले डबे यासाठी उत्तम. पट्टी ओल्या बोटानं पुसून, झाकण बंद करून आत टॉर्च लावा आणि खोलीत अंधार करा. जिथून उजेडाची रेघ येते तिथून हवाही येते.

नारिंगी जेल घ्या. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नको. रंग बदलला की ११० ते १२० अंशांवर दीड-दोन तास पसरून तापवायचं, आणि जेवणाचे पदार्थ ज्या ओव्हनमध्ये करता त्यात तर नाहीच. गोदावरीच्या पुराचं पाणी काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला लागलं अशी बातमी आली की त्या आठवड्यात डबा उघडायचाच नाही. त्या दिवसांत पाच मिनिटं उघडलेलं झाकण पुढे महिनाभर निस्तरावं लागतं.

कपाट सुताराकडून करून घेत असाल तर एमडीएफ आणि नवा प्लाय टाळा. त्यातून आणि त्यातल्या डिंकातून आम्लाच्या वाफा बराच काळ निघत राहतात आणि बंद कपाटात जस्ताला खातात. काच आणि ॲल्युमिनियमचं कपाट सगळ्यात निर्धोक. काचा जोडायला जे सिलिकॉन वापरतात त्याला व्हिनेगरचा वास येत असेल तर तेही आम्लच. न्यूट्रल क्युअरचं मागून घ्या, किंवा वास पूर्ण जाईपर्यंत, दोन-तीन आठवडे, कपाट रिकामं उघडं ठेवा. एलईडी पट्टी लावली तर तिचा ड्रायव्हर कपाटाबाहेर, तो तापतो. आणि कपाट देवघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीला नको. उदबत्तीची काजळी आणि फोडणीचं तेल एकत्र बसलं की पंखांवर जो पिवळट चिकट थर येतो, त्यावरची धूळ कुंचल्यानं निघत नाही. रंगपंचमीला आणि विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी फटींवर कागदी टेप लावून टाका. गुलाल फार बारीक असतो आणि मॅट रंगात घुसतो.

एरवीची धूळ काढायला खारीच्या केसांचा मऊ कुंचला, आणि कॅमेऱ्याचा रबरी फुगा. कुंचला नाकाकडून शेपटीकडे, अँटेनाजवळ थांबून. खुणा आणि अक्षरं बहुधा टॅम्पो पद्धतीनं, म्हणजे सिलिकॉनच्या गादीनं छापलेली असतात. त्यांना स्पिरिट, थिनर, सॅनिटायझर काहीही लावलं की स्क्वाड्रनची अक्षरं कापसावर उतरतात. कॅनॉपीला अमोनियावाला काच पुसायचा द्रव लावला तर तिच्यात बारीक भेगा पडतात. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मायक्रोफायबर पिळून, आणि लगेच कोरड्या कापडानं टिपून घ्यायचं. उघड्या धातूवर पांढरी भुकटी आली असेल तर कोरड्या ताठ ब्रशनं झाडा आणि फर्निचरच्या मेणाचा अगदी पातळ हात द्या. आपल्याकडे तांब्यापितळेची भांडी चिंचेनं नाहीतर लिंबानं लख्ख करतात, तांबट आळीतलं भांडं त्यानं झळकतं, पण जस्तावर तोच उपाय केला तर धातू विरघळायला लागतो आणि पृष्ठभागावर खड्डे पडतात.

रंगाचा टवका उडाला तर? मर्यादित आवृत्तीचं, नंबर असलेल्या कार्डाचं मॉडेल असेल तर हात लावू नका. दुसऱ्या संग्राहकाला मूळचा टवका चालतो, हातानं दिलेला रंग चालत नाही. स्वतःपुरतं असेल तर हम्ब्रोल या कंपनीच्या रंगांतले २९ मातकट तपकिरी, ३० गडद हिरवा, १६५ सागरी राखाडी हे जवळचे नंबर आहेत. जस्तावर रंग थेट धरत नाही, आधी धातूसाठीच्या प्रायमरचा ठिपका, तो वाळल्यावर ००० नंबरच्या कुंचल्यानं फक्त टवक्यापुरता रंग.

बाहेरून मागवणाऱ्यांनी सीमाशुल्क धरूनच हिशेब करावा. खेळण्यांच्या गटावरचं शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. मागवण्याच्या आठवड्यातला दर बघा, कारण तो किंमत आणि वाहतूक धरून लागतो. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ अखंड काढा, टेप कापण्यापासून पोटाच्या फोटोपर्यंत. खोक्यातला पातळ स्पंज मात्र लगेच काढून टाका; तो काही वर्षांत चिकट होऊन रंगाला धरतो. फुग्यांचं प्लास्टिकही रंगाला थेट लागू देऊ नका, उन्हाळ्यात पंखांवर गोल गोल ठसे उमटतात. आम्लमुक्त टिश्यू कागदात गुंडाळून मगच फुगे.

नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात १९६४ पासून मिगचं काम सुरू झालं असल्यामुळे नाशिककराच्या कपाटात मिग-२१ येणारच, आणि १९७१ च्या युद्धातलं, एफएल प्रकारचं असेल तर पुन्हा तेच: उलटं करा. त्या विमानात आत तोफ नव्हती, पोटाखाली जीपी-९ गन पॉड, म्हणजे बाहेरून टांगलेली तोफेची पेटी, हवा. पंख ७.१५ मीटर, मॉडेलवर ९९ मिलिमीटर. नाकापुढची लांब पिटो नळी सगळ्यात आधी मोडते, म्हणून या विमानाचं नाक कपाटात दाराकडे नको, भिंतीकडे.

दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येक मॉडेल काचेवर ठेवून दोन्ही पंखटोकांची उंची व्हर्नियरनं घ्या, पेन्सिलनं चिठ्ठीवर तारीख आणि दोन्ही आकडे लिहा, आणि चिठ्ठी खोक्याच्या झाकणात आतून ठेवा. पुढच्या दिवाळीला आकडा अर्ध्या मिलिमीटरनं हलला असेल तर पाय फाकलेत की पंख वाकतोय ते आधी बघा. पंख असेल तर तिरका टॉर्च धरून मुळाशी जाळी शोधा.